जेटॅग चेन अडखळते ती टीसीकेवर

जेटॅग म्हणजे बोर्डवरच्या चिपा एकामागून एक जोडून (चेन) तपासायची आणि प्रोग्राम करायची पद्धत, आणि टीसीके हा तिचा क्लॉक. चार चिपांची अशी चेन मधूनच चुकीचा आयडी (चिपचा ओळख क्रमांक) देत असेल तर क्लॉक हळू करा, असा एक सल्ला दिला गेलाय. मला हे पटत नाही. क्लॉक हळू केला तरी सिग्नलची कड (० चा १ किंवा १ चा ० होतानाचा बदल) तेवढीच तीव्र राहते. ती वर-खाली डुचमळली की चिप एका कडेच्या दोन कडा मोजते आणि टॅप (चिपमधलं जेटॅग सांभाळणारं सर्किट) भलत्याच स्टेटमध्ये जातो.

आमच्याकडे, बडोद्यात मकरपुऱ्याला, हेच झालं होतं. जिगची (बोर्ड तपासायच्या साच्याची) रिबन केबल हातभर लांब, आणि टीसीकेशेजारी ग्राउंडची तारच नाही. स्कोपच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा कुठे चढत्या कडेवरची खाच दिसली. टीसीके पाठवणाऱ्या ड्रायव्हरच्या अगदी जवळ ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, टीसीकेच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड घेतलं, खाच गेली. चिपा बोर्डभर पसरल्या असतील तर मात्र एवढ्यावर भागत नाही, बफर (सिग्नल जोरकस करून पुढे देणारी चिप) लावून टीसीकेच्या वेगळ्या शाखा काढाव्या लागतात.

वेगाचा प्रश्न येतो तो टीडीओला, म्हणजे चिपमधून बाहेर पडणाऱ्या डेटाला. तो उतरत्या कडेवर बदलतो आणि पुढची चिप चढत्या कडेवर वाचते, म्हणजे १० मेगाहर्ट्‌झला हातात फक्त ५० नॅनोसेकंद.

टीएमएस (टॅपची स्टेट बदलणारा सिग्नल) आणि टीडीआय (चिपमध्ये येणारा डेटा) मोकळे सोडले तर ते १ समजले जावेत, असं आयईईई ११४९.१ हे जेटॅगचं मानक सांगतं. तरी बाहेरून १० किलोओहमचा पुलअप (लाइन १ वर धरून ठेवणारा रेझिस्टर) द्याच. आणि १.८ व्होल्टचा टीडीओ ३.३ व्होल्टच्या चिपला थेट जोडलाय का, ते आधी तपासा.