अनुभव धागा: निवडणुकीतले डाव, कागदावर कसे शिजतात आणि कुठे सापडतात

कंदीलवाला

काल एकाने साताऱ्याच्या २०२४ च्या निकालाचा तक्ता पाठवला आणि २०१४ चं रायगड आठवलं. तिथे सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. साताऱ्यात शरद पवार गटाचा उमेदवार ३२,७७१ ने हरला, आणि पक्षाच्या तुतारीशी गोंधळ होणाऱ्या 'ट्रम्पेट' चिन्हावरच्या अपक्षाची मतं ३७,०६२. दहा वर्षांत डाव तोच, फक्त नावाच्या जोडीला चिन्ह आलं.

शिव्या द्यायला इतर जागा आहेत. इथे ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी डाव कसा लावतात, कोणत्या फॉर्मवर, किती वाजता, आणि तो कुठे अडवता येतो एवढंच लिहा. पक्ष कोणता ते महत्त्वाचं नाही, सगळे करतात.

घाटावरचा

दिंडोरी राहिलं की. भास्कर भगरे १,१३,१९९ ने निवडून आले म्हणून कुणी ओरडलं नाही, पण अपक्ष भगरेंनी १,०३,६३२ घेतली. तेही ट्रम्पेटवरच. लढत अटीतटीची असती तर रायगडच झालं असतं.

नियम असा आहे की दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, गाव असं काहीतरी जोडून वेगळं दाखवायचं. आता डाव लावणारा तेच जोडतो जे खऱ्याला लोक म्हणतात. खरे 'सर' असतील तर हाही कंसात 'सर'! हरकत घ्यायची ती छाननीच्या दिवशी, लेखी. माघारीनंतर यादी छापायला गेली की संपलं.

मोगरा

पण ईव्हीएमवर फोटो असतो ना आता?

केंद्राध्यक्ष_तीनदा

@मोगरा असतो, २०१५ पासून. पण साधारण स्टॅम्पएवढा, आणि खोलीत उजेड कसला ते तुम्हाला माहीत आहे. साठीच्या पुढचा माणूस चिन्ह बघतो, फोटो नाही.

क्रमही समजून घ्या. वर मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या अक्षरानुसार. म्हणजे डमी (दुसऱ्याच्या फायद्यासाठी उभा केलेला उमेदवार) कायम खालच्या गटात. आता गणित. एका यंत्रावर १६ बटणं, त्यातलं एक नोटाचं. १५ उमेदवारांपर्यंत एकच यंत्र पुरतं, सोळावा आला की दुसरं लागतं. काही अपक्ष निव्वळ एवढ्यासाठी उभे केलेले असतात. 'शेवटून दुसरं बटण' असं पढवून पाठवलेला म्हातारा दोन यंत्रं बघून उभाच राहतो, मागे रांग तुंबते. बूथ विरोधकाचा असेल तर ती तुंबावी हाच हेतू.

उपाय एकच. माघारीनंतर अंतिम यादी मिळाली की नमुना मतपत्रिका छापून घरोघर, आणि सांगताना 'पहिलं यंत्र, वरून तिसरं' असं सांगायचं.

आजीचीपुरणपोळी

तुतारी आणि ट्रम्पेट यात फरक काय हे माझ्या मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही 😅

घाटावरचा

तुतारी वाकडी, शिंगासारखी, लग्नात फेटेवाला वाजवतो ती. ट्रम्पेट सरळ, बँडवाल्यांचं, बटणं असतात. शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि लोकसभेला ट्रम्पेटच्या चित्राखाली मराठीत नाव 'तुतारी'च होतं. सगळी गोची तिथे. चित्रापेक्षा नाव ऐकून माणूस बटण शोधतो.

आजीचीपुरणपोळी

आणि पिपाणी?

घाटावरचा

ती जत्रेत मिळते, दहा रुपयाला. पण ट्रम्पेटच्या चिन्हालाच लोक पिपाणी म्हणतात. विषयावर या.

टेबलनंबर९

नावाचे डमी सगळ्यांना माहीत आहेत, बिननावाच्या डमींबद्दल कुणी बोलत नाही. अपक्ष उभा करायचा, लोकसभेला अनामत २५ हजार, विधानसभेला १० हजार (अनुसूचित जातीजमातीला निम्मी). मतं शून्य आली तरी चालतात. त्याच्या बदल्यात काय मिळतं बघा. प्रत्येक बूथवर एक एजंट आत. प्रत्येक मोजणी टेबलावर एक माणूस, साधारण चौदा टेबलं धरा. प्रचाराच्या गाड्यांचे परवाने त्याच्या नावावर. खर्चही त्याच्याच खात्यात, म्हणजे मुख्य उमेदवाराच्या विधानसभेच्या ४० लाखांच्या मर्यादेला धक्का नाही.

ओळखायचं कसं? दुपारी डबा वाटताना बघा. डमीच्या एजंटला डबा कुणाच्या गाडीतून येतो ते.

मोगरा

डब्यात काय असतं तेही सांगा, आम्हाला तर वडापाव

टेबलनंबर९

@मोगरा दोन पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि पाण्याची अर्धी बाटली कुणाची ते भांडण

वकीली_अर्धवट

अर्ज बाद करायचा डाव इथे लिहितो. सुरतेत २०२४ ला काय झालं तर काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार) प्रतिज्ञापत्र दिलं की अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत. अर्ज बाद, पर्यायी उमेदवाराचाही बाद, बाकीच्यांनी माघार घेतली, भाजपचे उमेदवार बिनविरोध. मतदान झालंच नाही.

त्यातून शिकायचं असेल तर: एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. चारही भरा आणि प्रत्येकावर सूचक वेगळा घ्या. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. सह्या करताना व्हिडिओ. छाननीला सूचकांना स्वतः हजर ठेवा, घरचीच माणसं घेऊ नका, त्यांच्यावर दबाव लवकर येतो (नातेवाईक सूचक हा सगळ्यात कच्चा दुवा). छाननीच्या आदल्या रात्री सूचक 'देवदर्शनाला' गेला असेल तर समजून जा.

एबी फॉर्मचं (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्ष लिहून देतो तो कागद) वेगळंच. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, मूळ प्रत, शाईची सही. झेरॉक्स नाही, शिक्का नाही. दोघांना एबी मिळाला आणि आधीचा रद्द केल्याचं पत्र सोबत नसेल तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा. म्हणून रांगेत पहिला उभा राहायला कार्यकर्ते धावतात, त्याला उगाच हसतात लोक.

मोगरा

इंदूरला तर नोटाला २,१८,६७४ मतं पडली होती. काँग्रेसच्या उमेदवारानेच माघार घेतली होती ना

वकीली_अर्धवट

हो. आणि माघारीचा अर्ज एकदा दिला की परत घेता येत नाही. 'दबाव होता' म्हणून उपयोग नाही.

गोयकार

आमच्याकडे गोव्यात बूथवर नाही, विधानसभेत खेळतात. पक्षांतरबंदी १९८५ ची, २००३ मध्ये एकतृतीयांशची फूट काढून टाकली, आता फक्त दोनतृतीयांशाचं विलीनीकरण. म्हणजे आकडा आधी मोजायचा. काँग्रेसचे १५ होते तेव्हा दहा लागत, जुलै २०१९ मध्ये बरोबर दहा गेले. नंतर ११ होते, सात पूर्णांक तीन म्हणजे आठ, सप्टेंबर २०२२ ला बरोबर आठ. त्याच वर्षी जानेवारीत उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात शपथ घ्यायला लावली होती. शपथेचं कलम दहाव्या परिशिष्टात नाही, देवाला सांगा 🙏

छोटे मतदारसंघ, पंचवीस-तीस हजार मतदार. आठपैकी एक जरी गळला की सगळा बेत बारगळतो, म्हणून सगळ्यांना एकत्र ठेवायला हॉटेल.

कंदीलवाला

@गोयकार महाराष्ट्रात शिवसेनेच्या ५५ ला ३७ लागत होते, जून २०२२. सुरत, गुवाहाटी, मग गोवा. तुमच्याकडचंच हॉटेल आलं शेवटी.

गोयकार

नाश्ता चांगला असतो आमचा 😄

आजीचीपुरणपोळी

नावं वगळतात त्याबद्दल कुणी लिहा की. आमच्या चाळीत दोघींची गेली.

केंद्राध्यक्ष_तीनदा

फॉर्म ७, यादीतून नाव काढायचा अर्ज. त्याच मतदारसंघाचा कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावाला हरकत घेऊ शकतो, डाव याच फटीतून शिरतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते, पडताळणीत २४ खरे निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज गेले त्यांना पत्ताच नव्हता.

काय करायचं:
फॉर्म ७ ची यादी नोंदणी अधिकाऱ्याला जाहीर करावी लागते, ती 'नमुना १०'. ती आठवड्याला बघा. एकाच माणसाच्या नावाने पन्नास हरकती दिसल्या तर लगेच लेखी तक्रार. खोटं निवेदन दिल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद. आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की कोणाचं नाव घालता येत नाही की काढता येत नाही. म्हणून बघायचं ते त्याआधी. मतदानाच्या सकाळी येऊन रडलेल्यांचं काही होत नाही.

टेबलनंबर९

संध्याकाळचं मी सांगतो, कारण सगळी चूक सहानंतर होते.

वेळ संपली की रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देतात. शेवटच्या माणसाला १ नंबर, तिथून पुढे. का? मागून कुणी घुसू नये म्हणून. पुढून वाटायला लागले तर रांगेच्या शेपटीला माणसं चिकटत राहतात, एजंटने तिथेच हात वर करायचा.

मग फॉर्म १७सी. त्यात किती मतं नोंदली, यंत्राचे आणि सीलचे नंबर. एजंटला त्याची साक्षांकित प्रत मिळते, पण निम्मे एजंट पाचलाच चहाला जातात, प्रत राहते. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटचा (ईव्हीएमचा मतं साठवणारा भाग) नंबर या कागदाशी जुळवायचा असतो. कागदच नाही तर कशाशी जुळवणार. टीव्हीवर ईव्हीएमबद्दल तासभर बोलणाऱ्याला विचारा, तुझ्या बूथची १७सी आहे का. गप्प होतो.

मोगरा

शाईबद्दल कुणी विचारलं नाही. बोटाला आधी तेल लावून येतात हे खरंय?

केंद्राध्यक्ष_तीनदा

खरंय. अधिकाऱ्याने फडक्याने बोट पुसून मग शाई लावायची असते, लेखी सूचनाच आहे. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर बसायला वेळ लागतो, लगेच पुसलं तर डाग फिका. मतदाराला वाळेपर्यंत थांबवायचं. गर्दीत कोण थांबवतं.

पाटीवरचाखडू

उशिरा वाचलं. ध्रुवीकरण म्हणजे भाषणं असं सगळे धरतात. खरं इंधन बूथवारी आकडे आहेत. निकालानंतर फॉर्म २० लागतो, त्यात कोणत्या बूथवर कुणाला किती. एका बूथवर हजार-बाराशे मतदार, एखादी वस्ती, एखादी गल्ली. म्हणजे कुठल्या आळीने कुणाला मत दिलं ते उघड. पुढच्या पाच वर्षांचा रस्ता, नळ, दिवा तिथून ठरतो. याद्यांवर आडनावं बघून बूथ तीन रंगात रंगवतात: आपलं, काठावरचं, गेलेलं. गेलेल्यात मत मागायला जात नाहीत, मतदान कसं कमी होईल तेवढंच बघतात.

पूर्वी मतपत्रिका मोजण्याआधी मिसळत. यंत्राला तसंच 'टोटलायझर' लावा, चौदा यंत्रांची बेरीज एकदम, असं आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये दुजोरा दिला. अजून नाही.

कायदा आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३). डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द १९९५ ला, पुढे बाळासाहेबांचा मताधिकार सहा वर्षं गेला. आठ वर्षं लागली. आणि याचिका निकालापासून ४५ दिवसांत टाकावी लागते, पुरावा आधी गोळा नसेल तर ४५ दिवस कुठल्या कुठे जातात.

वकीली_अर्धवट

पुरावा म्हणजे पत्रक. मतदानाच्या आदल्या पहाटे दारात पडणारं निनावी पत्रक. खाली मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव हवं, त्याच कायद्याचं कलम १२७ अ. नसेल तर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड. फोटो नको, मूळ कागद पिशवीत ठेवा, कुठे कधी सापडला ते मागे लिहा. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर टाकाल तर जागेवरूनच, नंतर गॅलरीतला फोटो चालत नाही.

आजीचीपुरणपोळी

आमच्याकडे पत्रकं रद्दीत गेली, किलोला १४ रुपये 🤦‍♀️

टेबलनंबर९

चौदा? कुठे? आमचा बारा देतो.