‘कादंबरी अंगावर येते’ : दाद की तक्रार?

‘पण लक्षांत कोण घेतो’ नुकतीच वाचून संपवली. मैत्रिणीला म्हटलं, “शेवटाकडे फार अंगावर येते गं.” तिचा प्रश्न, “म्हणजे आवडली नाही का?” मला तर कादंबरी विलक्षण आवडली आहे! ‘अंगावर येणे’ हा वाक्प्रचार नेमका कधी, कसा वापरावा? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मुळात ही तक्रारच. कुत्रं अंगावर येतं, बैल अंगावर येतो, भांडणात माणूस अंगावर धावून येतो. पुढे भडक रंग अंगावर यायला लागले. माणसं निघून गेल्यावर रिकामं घर अंगावर येतं, तेही यातलंच. घर जागचं हलत नाही, पण आपल्याला तिथे बसवत नाही. ‘घर खायला उठतं’ म्हणतात तो अनुभव याला अगदी जवळचा. पुस्तकाबद्दल आपण बोलतो तेव्हा हा घराचा अर्थ मनात असतो, कुत्र्याचा नव्हे.

तुमच्या कादंबरीत हे चोख बसतं. हरिभाऊंची (ह. ना. आपटे) ही कथा ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. ते साप्ताहिक १८९० साली सुरू झालं होतं. गोष्ट सांगते नायिका यमू स्वतः, घरातल्या साध्या बोलीत. तिचं माहेर, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडेसे सुखाचे दिवस, सगळं तिच्याच तोंडून ऐकत आपण तिचे होऊन जातो. नवरा गेल्यावर तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं तेव्हा वाचकाला बाजूला उभं राहायला जागाच उरत नाही. हीच गोष्ट तिऱ्हाइताने सांगितली असती तर नुसतं वाईट वाटलं असतं.

प्रतिसाद २

सहमत, पण हल्ली जरा रक्त सांडलं की पुस्तक ‘अंगावर येतं’. अशाने शब्दाची धार जाते. ‘भिडणे’, ‘चटका लावणे’ हेही आपलेच आहेत की. नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीत (१९६३) नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, ती पानं खरोखर अंगावर येतात; तिथे ‘चटका’ तोकडा पडतो. उलट ‘बनगरवाडी’त दुष्काळाने अख्खं गाव उठून जातं, पण लेखक व्यंकटेश माडगूळकर आवाज चढवत नाहीत. ती भिडते. तिला कुणी रटाळ म्हणालं की मला मनापासून राग येतो. संथ म्हणा हवं तर! संथ पुस्तक हळू का होईना, पुढे जातं. रटाळ पुस्तक तिथल्या तिथे घोळत राहतं.

प्रतिसाद ३

मैत्रिणीचा गोंधळ का झाला ते कर्ता पाहिला की कळतं. ‘प्रसंग अंगावर येतो’ ही बहुधा दाद असते. ‘भाषा अंगावर येते’, ‘उपमा अंगावर येतात’, ‘नाटकातलं संगीत अंगावर येतं’ ही हमखास तक्रार, कारण तिथे लेखकाचा किंवा दिग्दर्शकाचा खटाटोप डोळ्यांत भरतो. नुसतं ‘कादंबरी अंगावर येते’ म्हटलं तर ऐकणारा कुठलाही अर्थ घेऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, हे फार पटलं. मग मैत्रिणीला आता नीट सांगते : यमूच्या केशवपनाचा प्रसंग अंगावर येतो, आणि मध्ये मध्ये सुधारणेचा उपदेशही अंगावर येतो. पहिल्यासाठी पुस्तक वाच, दुसरा आला की दोन पानं उलट.