संशोधनपद्धती आधी ठरवावी की प्रयोग आधी करावेत?

शिरोलीकर : कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतील सदोष कास्टिंगवर (वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून केलेल्या भागांवर) एम.टेक. किंवा पीएच.डी.चा प्रबंध करणारे कित्येक विद्यार्थी आधी हाताला लागेल ती आकडेवारी जमवतात आणि संशोधनपद्धतीचे प्रकरण शेवटी, बाइंडिंगची घाई सुरू झाल्यावर जोडतात. माझ्या मते प्रश्न, गृहीतक, बदलायचे घटक आणि मोजमापाची रीत पहिला साचा भरण्यापूर्वीच लिहून ठेवलेली असावी. वाळूतील ओलावा, बेंटोनाइटचे (वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीचे) प्रमाण, ओतण्याचे तापमान आणि साच्याचा कठीणपणा हे चार घटक प्रत्येकी तीन पातळ्यांवर तपासायचे तर 81 प्रयोग होतात. जपानी अभियंते तागुची यांच्या एल-9 मांडणीत, म्हणजे पातळ्यांचे निवडक मेळ देणाऱ्या तक्त्यात, ते 9 वर येतात. विद्यार्थ्यासाठी 81 वेळा लाइन अडवू देणारा कारखानदार मला तरी माहीत नाही.

रंकाळेकर : असहमत. एल-9 चे चारही स्तंभ चार घटकांनी भरले की त्यांचा परस्परप्रभाव, म्हणजे एका घटकाच्या पातळीमुळे दुसऱ्याच्या परिणामात पडणारा फरक, वेगळा काढता येत नाही, आणि प्रत्येक प्रयोग एकदाच केला तर त्रुटीचा अंदाज बांधायलाही काही शिल्लक उरत नाही. बेंटोनाइट वाढवले की पाणीही वाढवावे लागते, हे वाळू मुठीत दाबून पाहणारा मोल्डर सहज सांगेल. मग हे दोन्ही घटक एकमेकांशी संबंध नसल्यासारखे मांडणारी रचना कशाच्या आधारावर निवडली? जुन्या प्रबंधातली मांडणी उचलायची, घटकांची नावे बदलायची आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘एल-9 च का?’ असे विचारल्यावर गाइडकडे पाहायचे, हे आधी चौकट आखण्याच्या आग्रहाचेच फळ आहे. विद्यार्थ्याने आधी काही आठवडे मोल्डिंग लाइनवर उभे राहावे.

शिरोलीकर : हा दोष मांडणीच्या निवडीचा झाला, पद्धतीचा नव्हे. परस्परप्रभावाची शंका असेल तर 27 प्रयोगांची एल-27 मांडणी घ्यावी, प्रयोग पुन्हा करून पाहावेत आणि निवडलेल्या पातळ्यांवर पडताळणीचा प्रयोग स्वतंत्र घ्यावा. लाइनवर उभे राहून केलेले निरीक्षणही पद्धतीतच बसते, फक्त त्याची नोंद हवी.

पंचगंगाकाठ : दोघांच्याही लेखनात प्रयोगांचा क्रम राहिला. ओलाव्याची एक पातळी मे महिन्यात आणि दुसरी आपल्याकडच्या जुलैच्या पावसात तपासली, तर निष्कर्ष ओलाव्याचा की ऋतूचा, हे कोण सांगणार? क्रम यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा हवा, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांवर काम करताना दाखवून दिले होते.

रंकाळेकर : क्रमाचा मुद्दा मान्य. तरीही सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या सुरुवातीच्या आराखड्यात) लिहिलेली मांडणी बंधनकारक मानू नये; ती बदलली तर कधी व का बदलली, हे प्रबंधात तारखेसह यावे. असा बदल लपवणारे प्रकरण मला पद्धतशीर वाटत नाही.