काळ्या धुरावरून थेट टर्बोवर जाऊ नका
डिझेल गाडीला चढाला पिकअप नाही आणि मागून काळा धूर, म्हणजे टर्बोच (इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा) गेला, असं निदान कुणी केलं तर ते मला पटत नाही. डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की धूर काळा होतो. टर्बोचं सील गेलं तर तो बहुधा निळसर येतो आणि डिपस्टिकवर ऑइलही उतरत जातं. आमच्या जुन्या डिझेलला खंबाटकीत अस्सा दम लागायचा. गॅरेजवाल्याने टर्बो बदलायचं एस्टिमेट काढून ठेवलं होतं (त्यांना तेच सोपं पडतं!). निघाली काय, तर इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होजला क्लिपपाशी चीर. आयडलिंगला ती मिटलेली असते, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की तोंड उघडते, म्हणून उभ्या गाडीत दिसत नाही. खूण एकच: त्या जागी बाहेरून ऑइलची ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ.

तुमचा टर्बो व्हॅक्यूमवर चालणारा व्हीजीटी (आतली पाती हलवून हवेचा जोर कमी-जास्त करणारा) असेल तर अजून एक बघा. दुसऱ्याला गाडी स्टार्ट करायला सांगून ॲक्च्युएटरच्या (ती पाती हलवणारा भाग) रॉडवर नजर ठेवा. तो ओढला गेला नाही, तर आधी व्हॅक्यूमची बारीक नळी तपासा. जुन्या गाड्यांत ती उष्णतेने कडक होऊन तडकते, आणि बदलायला किरकोळ खर्च येतो.