मदत हवी आहे: बी.एस्सी. रसायनशास्त्र की बी.ए. अर्थशास्त्र?

नमस्कार. माझी भाची यंदा बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे जायचे नाही, हे तिचे पक्के आहे. तिला अर्थशास्त्रात बी.ए. करायचे आहे. घरच्यांचा आग्रह मात्र रसायनशास्त्रातील बी.एस्सी.चा आहे, कारण विज्ञान सोडून कलाशाखेत जाणे म्हणजे एक पायरी खाली उतरणे, असे त्यांना मनापासून वाटते. मला हे पटत नाही.

नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. भारतीय वन सेवेसाठी पदवीला रसायनशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र यांसारखा ठरावीक विषय असावा लागतो, तर भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे दारे दोन्हीकडे आहेत, फक्त वेगवेगळी. नुसत्या बी.एस्सी.वर महाड किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत पाळीचे काम मिळू शकते. दिवसभर नमुने घ्यायचे, टायट्रेशन करायचे, नोंदी ठेवायच्या. काम सन्मानाचेच आहे, पण तिचा ओढा तिकडे नाही. गणित मात्र तिला मनापासून आवडते.

म्हणून ज्यांनी बारावी विज्ञाननंतर अर्थशास्त्र घेतले, त्यांना विचारावेसे वाटते: पदवीनंतर पहिली नोकरी कोणत्या क्षेत्रात मिळाली, आणि एम.ए. केल्याशिवाय निभावले का? सोबत संख्याशास्त्र घेतल्याचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला? प्रवेशाची मुदत जवळ आली आहे, त्यामुळे कृपया सविस्तर लिहावे.