घरबांधणी: माल आपण आणायचा की ठेकेदारावर सोडायचा? आणि घासाघीस नेमकी कशाची?

थापी:
माझं मत स्पष्ट आहे. घराचं काम मालासकट देऊ नये. सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा, पाइप, टाइल्स मालकाने आणाव्यात, ठेका फक्त मजुरीचा द्यावा. मालासकट चौरस फुटाचा एकच दर ठरला की ठेकेदाराचा नफा माल वाचवण्यात असतो, आणि माल वाचवला जातो तो न दिसणाऱ्या जागी. नकाशात कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीची लोखंडी कडी) 6 इंचांवर असतात, बांधल्या जातात 8 इंचांवर. काँक्रीट पडल्यावर कोण बघणार?

सळई स्वतः आणली तर तपासताही येते. 12 मिमीच्या सळईचा बरोबर 1 मीटर तुकडा कापून काट्यावर ठेवा, 888 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. 10 मिमीचा 617, 8 मिमीचा 395. (व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला इतके किलो.) थोडा फरक चालतो, पण 12 मिमीचा तुकडा 820 भरला तर सळई बारीक आहे. वजनावर घेतली म्हणजे नुकसान नाही असं अनेकांना वाटतं. पैशाचं नसेल, पण इंजिनिअरने नग मोजून दिलेत, त्यामुळे कॉलममध्ये लोखंड कमी जातं.

ओळंबा:
साफ असहमत. माल मालकाचा झाला की तो वाचवण्याची गरज कुणालाच उरत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी भरपूर मसाला कालवून ठेवतात, तो आळतो, मग वरून पाणी मारून पुन्हा वापरतात. त्यात सिमेंटही जातं आणि ताकदही. पूर्ण लांबीच्या सळया कापून रिंगा करतात, तुकडे कोपऱ्यात गंजत पडतात.

त्याहून मोठा प्रश्न जबाबदारीचा. स्लॅब गळला की ठेकेदार म्हणणार, सिमेंट तुम्ही आणलं होतं. दुकानदार म्हणणार, मिस्त्रीने पाणी जास्त घातलं. मालासकट कामात जाब विचारायला एकच माणूस असतो.

आणि स्लॅबच्या दिवसाचं काय? 1000 चौरस फूट, 5 इंच जाडी म्हणजे सुमारे 417 घनफूट, 11.8 घनमीटर. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) या मिश्रणाला घनमीटरमागे सिमेंटच्या 8 गोण्या धरा, 95 झाल्या. त्यात बीम धरलेलेच नाहीत. मालकाने 95 मागवल्या तर काम अर्ध्यावर थांबतं, आणि नंतर ओतलेल्या काँक्रीटचा सांधा तिथेच राहतो. पहिल्या पावसात पाणी तिथूनच येतं.

थापी:
गोण्या कमी पडणं हा हिशेबाचा दोष आहे, पद्धतीचा नाही. बीमचं घनफळ वेगळं काढायचं, वर 10 टक्के जादा ठेवायचं, आणि न फोडलेल्या गोण्या परत घेण्याची बोली दुकानदाराशी आधीच करायची. टाइल्सच्या पेट्यांचंही तेच. फक्त सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एक आहे का बघा, नाहीतर एकाच खोलीत दोन छटा दिसतात.

नासाडीवरही उपाय आहे. गोण्या कामापुरत्या मोजून द्या, संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून वहीत लिहा. सळईसाठी इंजिनिअरकडून कापणीची यादी घ्या, म्हणजे कोणत्या सळईतून कोणते तुकडे निघणार ते आधीच ठरतं.

चाळण:
वाळूबद्दल दोघंही बोलला नाहीत, आणि सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. ओली वाळू फुगते, पाव हिस्सा, बारीक असेल तर त्याहूनही जास्त. काचेच्या सरळ ग्लासात 20 सेंमी वाळू सैल भरा, पाणी घालून ढवळा, बसू द्या. 16 सेंमीवर आली तर 25 टक्के फुगवटा होता, म्हणजे 20 सेंमीत 4 सेंमी हवाच विकत घेतली. मिश्रणातही घमेली मोजताना वाळू कमी पडते. दुसरी चाचणी मातीची: बाटलीत वाळू, मिठाचं पाणी, हलवून 3 तास ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या 8 टक्क्यांहून जाड असेल तर गाडी परत पाठवा.

गाडी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी-रुंदी मोजा आणि पाच ठिकाणी गज खुपसून खोली बघा. मध्ये ढीग उंच आणि कडेला खड्डा असतो.

गुण्या:
घासाघीस चुकते ती एकाच जागी. लोक चौरस फुटाचा दर कमी करून घेतात, पण चौरस फूट कशाचा ते विचारत नाहीत. स्लॅबचा की आतल्या जागेचा? जिना, छज्जा, पॅरापेट (गच्चीचा कठडा), पाण्याची टाकी त्यात की वेगळी? गिलाव्यात दरवाजे-खिडक्या वजा होणार का? सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) फळ्या आणि टेकू कोणाचे? खिळे, बाइंडिंग वायर, पाणी मारायचा माणूस? कमी केलेला दर या सगळ्यांतून परत वसूल होतो. म्हणून बांधकाम, गिलावा, स्लॅब, फरशी यांचे दर सुटे मागा आणि जादा कामाचा दर आधीच लिहून घ्या.

दुकानदाराशी बोलताना गोणीचा भाव एकटा विचारू नका. पोच, हमाली, कर धरून जागेवर किती पडतो ते विचारा. स्वस्त मिळतं म्हणून सगळं सिमेंट एकदम भरू नका, 3 महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते. गोण्या फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, एकावर एक 10 पेक्षा जास्त नाही.

ओळंबा:
सुट्या दरांशी सहमत. पण माल मालकाचा असेल तर एक कलम राहूनच जातं: माल उशिरा आला तर बसून राहिलेल्या टोळीची मजुरी कोण देणार? ते लिहिलं नसेल तर टोळी दुसऱ्या कामावर जाते आणि आठवडाभर परतत नाही. ज्याला रोज जागेवर थांबता येत नाही त्याने मजुरीचा ठेका घेऊच नये.

थापी:
हे मान्य, ते कलम हवंच. माझ्याकडून आणखी एक: शेवटचे 10 टक्के पैसे स्लॅबवर पाणी साठवून, खाली ओल येत नाही हे पाहिल्यावरच द्यायचे. कडेने मसाल्याची पाळ करून 2 इंच पाणी, 48 तास.

ओळंबा:
आणि ही चाचणी छताचा गिलावा करण्याआधी. गिलाव्यानंतर ओल एका जागी दिसते आणि भेग दुसरीकडेच असते.