आधी चिमणी बघा, मग फायर

बैठकीच्या खोलीसाठी उघड्या ज्योतीची गॅस फायर (खोली उबदार ठेवणारी गॅसची शेकोटी) घ्यावी की काचेमागची, असं तुम्ही विचारलंत. मी काचेचीच घ्या म्हणेन, पण त्याआधी चिमणी बघा. इथे इंग्लंडात जुन्या, रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्या 'टेरेस' घरांना विटांची चिमणी असते, तिथे बहुतेक प्रकार बसतात. 1960 नंतरच्या बऱ्याच घरांत मात्र भिंतीत अरुंद काँक्रीटचा फ्लू, म्हणजे धूर बाहेर नेणारा मार्ग, असतो, त्यात उथळ मॉडेलच मावतं. चिमणीच नसेल तर बाहेरच्या भिंतीतून काढायचा बॅलन्स्ड फ्लू, म्हणजे बाहेरूनच हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा पाइप.

आमच्याकडे आधी उघडी होती. दिसायला सुरेख, पण समोर बसलं की गुडघे भाजायचे आणि पाठ गारच. निम्म्याहून जास्त ऊब चिमणीतून वर. काचेची लावल्यापासून साताऱ्याहून येणारी आई संध्याकाळी शाल बाजूला ठेवून बसते. किलोवॅटचा आकडा बघताना गॅस किती खाते आणि खोलीला ऊब किती देते, हे दोन्ही विचारा.

बसवायला गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांची इथली अधिकृत यादी) माणूस बोलवा. त्याचं कार्ड उलटून बघा, कोणती कामं करता येतात ते मागे लिहिलेलं असतं. आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म त्याच खोलीत लावाच. त्या वायूला ना रंग, ना वास.